फंडाची पेन्शन: आधी पासबुक काढा, मग जाणकार गाठा

फंडाची पेन्शन अडली की घरचे लोक आधी माणूस शोधायला लागतात. मेहुण्याच्या कंपनीतला एचआरवाला, वॉर्डातला कार्यकर्ता, फंड ऑफिससमोरच्या झेरॉक्सवाल्याने सुचवलेला एजंट. कामगार संघटनेच्या कार्यालयात बसून असे कागद बघायचं काम मी करतो, आणि येणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पासबुक काढलंय का? बहुतेकांनी काढलेलं नसतं. पासबुक न बघताच जो ‘करून देतो’ म्हणतो त्याच्या नादी लागू नका. पासबुक नीट वाचलं की कितीतरी प्रकरणांत जाणकाराची गरज उरत नाही, आणि जिथे उरते तिथे नेमकं काय विचारायचं ते कळलेलं असतं.

हा लेख खासगी कारखान्यात, कंपनीत, शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी करून निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांसाठी. सरकारी नोकरांची पेन्शन वेगळ्या वाटेने जाते, त्यांचं सेवापुस्तक त्यांच्या खात्यातच असतं. त्यांच्याबद्दल पुढे एकच मुद्दा येईल.

दार कोणतं ते ओळखा

खासगी नोकरीतल्या माणसाच्या बाबतीत तीन वेगळी दारं आहेत आणि लोक ती सर्रास एकत्र करतात. पहिलं, भविष्य निर्वाह निधी संघटना, म्हणजे आपल्या बोलण्यातलं फंड ऑफिस. इथून ईपीएस-९५ची, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झाली; त्याआधी १९७१ची कुटुंब पेन्शन योजना होती आणि त्या काळातली सेवाही हिशेबात धरली जाते. दुसरं दार ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं: पगारातून ईएसआय कापला जात असेल आणि कामावर अपघात झाला असेल तर. तिसरं दार तहसील कार्यालयाचं: संजय गांधी निराधार अनुदान योजना, श्रावणबाळ योजना. गोव्यात या जागी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. एका दारातल्या साहेबाला दुसऱ्या दारातलं फारसं ठाऊक नसतं, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पासबुक कसं वाचायचं

यूएएन, म्हणजे फंडाचा तुमचा एकच कायमचा नंबर, आणि पासवर्ड वापरून फंडाच्या संकेतस्थळावरून किंवा उमंग अॅपवरून पासबुक निघतं. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ला मिस्ड कॉल दिला तर शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजने येते, पण त्यावर भागत नाही. पूर्ण पासबुक छापून घ्या. प्रत्येक कंपनीचं वेगळं निघेल. सगळी काढा.

पासबुकात तीन रकाने असतात: तुमचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. निवृत्तीवेतनाच्या दृष्टीने तिसरा रकाना महत्त्वाचा. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के या रकान्यात जातात, पण पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच. १ सप्टेंबर २०१४पासून ती मर्यादा १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. म्हणून पगार चांगला असलेल्या जुन्या कामगाराच्या पासबुकात ऑगस्ट २०१४पर्यंत महिन्याला ५४१ रुपये आणि पुढे १,२५० रुपये दिसतात. हा आकडा मध्येच शून्य झाला असेल, तर बोट तिथे ठेवा आणि का झाला ते शोधा. ५८ वर्षं पूर्ण झाल्यावर तो एरवी शून्य व्हायला हवा. मूळ पगार १५,०००च्या वर असताना सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदाच फंडात आलेल्यांनाही पेन्शन योजना लागू नाही, त्यांचा रकाना रिकामाच असतो. अशा माणसाचा पेन्शन हिस्सा कंपनीने चुकून भरला असेल तर क्लेमच्या वेळी तिढा हमखास पडतो.

ज्यांचा फंड मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो, त्यांना फंडाच्या संकेतस्थळावर फंडाची रक्कम दिसत नाही. घाबरू नका. ट्रस्ट असला तरी पेन्शनचा हिस्सा सरकारी फंड ऑफिसकडेच जातो.

आता पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि शेजारी वही ठेवून पुढच्या गोष्टी तपासा.

नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी १ जून लावून दिली, आणि आधारवर तीच माणसं १ जानेवारीची झाली. फंडात तिसरीच. बायकांच्या बाबतीत फंडात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतंच ‘सुनीताबाई’. तारखेतला फरक छोटा दिसतो, पण ५८ वर्षं कधी पूर्ण झाली हेच त्यावर ठरतं. आधी कोणतं खरं धरायचं ते घरी बसून ठरवा, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला बाहेर काढा, आणि मग चुकीच्या जागी दुरुस्ती करा. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकलात तर दोन्हीकडे अडकाल. यूएएन १ ऑक्टोबर २०१७नंतरचा आणि आधारने पडताळलेला असेल तर बऱ्याच दुरुस्त्या आपल्या आपण पोर्टलवर होतात. जुना असेल तर कंपनीची मंजुरी घेऊन संयुक्त घोषणापत्र, म्हणजे जॉइंट डिक्लरेशन, द्यावं लागतं.

नोकरी सोडल्याची तारीख. ही नोंद नसणं हे क्लेम अडण्याचं फार मोठं कारण आहे. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की सदस्य स्वतः ‘मार्क एक्झिट’ करू शकतो. पण एका कंपनीतून बाहेर पडल्याची तारीख दुसरीत लागल्याच्या तारखेनंतरची पडली, तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारख्या दिसतात आणि अर्ज परत येतो.

बिनपगारी दिवस. कागदावर याला एनसीपी म्हणतात. लांबलेलं आजारपण, संप, ले-ऑफ, हे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. सेवा पेन्शनला लागणाऱ्या दहा वर्षांच्या काठावर असेल तर हा आकडा डोळ्यांत तेल घालून बघा. वर्षाचा उरलेला तुकडा सहा महिने किंवा जास्त असेल तर पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे साडेनऊ वर्षांच्या माणसाची दहा वर्षं धरली जातात आणि नऊ वर्षं पाच महिन्यांचा बाहेर राहतो.

आणि शेवटचं, मधल्या कोणत्या नोकरीची पेन्शन तुम्ही काढून घेतली आहे का? ‘कंपनी सोडताना फंड आणि पेन्शन दोन्ही काढलं’ असं लोक सहज सांगतात. फॉर्म १०-सी भरून पैसे घेतले असतील तर तेवढी सेवा संपली. त्याच फॉर्मवर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, ते घेतलं असतं तर सेवा पुढे जोडली गेली असती. तरुण मुलांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं.

किती मिळेल, ते आपल्या आपण काढा

सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, मर्यादेच्या आतली. सप्टेंबर २०१४च्या आधीच्या आणि नंतरच्या सेवेचा हिशेब वेगवेगळा करून बेरीज करतात. समजा, सप्टेंबर २००६ला लागलेला कामगार ऑगस्ट २०२५ला ५८ पूर्ण करून निवृत्त झाला आणि त्याचा पगार कायम मर्यादेच्या वर होता. आधीची ८ वर्षं: ६,५०० गुणिले ८ भागिले ७०, म्हणजे ७४३. नंतरची ११ वर्षं: १५,००० गुणिले ११ भागिले ७०, म्हणजे २,३५७. एकूण ३,१०० रुपये महिना. हाच माणूस एक वर्ष आधी लागला असता तर सेवा २० वर्षं भरली असती आणि वीस वर्षंवाल्यांना मिळणारी दोन वर्षांची वाढीव सेवा त्याच्या पदरात पडली असती.

एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप, असं वाटेल. रक्कम तुटपुंजी आहेच. किमान पेन्शन २०१४मध्ये १,००० रुपये ठरली. ती ७,५०० करावी म्हणून बुलढाण्यातून उभी राहिलेली ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती वर्षानुवर्षं आंदोलन करतेय. पण ही रक्कम आयुष्यभर येते आणि मागे राहिलेल्या जोडीदारालाही मिळते, म्हणून सोडू नये.

५० वर्षांपासून लवकर पेन्शन घेता येते, पण ५८च्या आधीच्या दर वर्षाला ४ टक्के कपात होते आणि ती कपात जन्मभराची असते. उलट ५८नंतर थांबलात, तर साठीपर्यंत दर वर्षाला ४ टक्के वाढ. घरात दुसरी मिळकत असेल तर घाई करू नका, एवढंच मी सांगतो.

सगळं जुळलं की फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज. आधार, बँक खातं आणि ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, पूर्ण असेल तर तो ऑनलाइन भरता येतो. नवरा-बायकोचा एकत्र फोटो, बँक खात्याचा पुरावा आणि २५ वर्षांखालील मुलं असतील तर त्यांच्या वयाचे दाखले लागतात. १ जानेवारी २०२५पासून पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, त्यामुळे गावाकडच्या बँकेतलं खातं दिलं तरी चालतं.

आता माणूस: कुणाकडे, कशासाठी

पासबुकात अडचण सापडली असेल तर ती आधी एका कागदावर चार ओळींत लिहा. मागे भोसरीच्या एका फाउंड्रीत मोल्डर असलेले एक काका आले होते. त्यांच्याकडे पिशवीभर कागद होते, तीन कंपन्या, आणि मधली कधीच बंद पडलेली. ‘माझी पेन्शन लटकवलीय’ यापलीकडे त्यांना सांगता येत नव्हतं. पासबुकं मांडून बघितल्यावर अर्ज असा झाला: ‘अमुक मेंबर आयडी, नोकरी एप्रिल २००९ ते जून २०१३. बाहेर पडल्याची तारीख नोंदलेली नाही. कंपनी बंद आहे. शेवटचा भरणा जून २०१३चा आहे, त्यावरून तारीख नोंदवून मिळावी. सोबत पासबुक, शेवटची पगारपावती, ओळखपत्राची प्रत.’ असा कागद समोर आला की खिडकीतल्या माणसालाही उत्तर द्यावंच लागतं.

हा कागद घेऊन जायचं ठिकाण तुमच्या राहत्या शहरातलं असेलच असं नाही. मेंबर आयडीची, म्हणजे त्या कंपनीतल्या तुमच्या फंड खात्याच्या क्रमांकाची, पहिली इंग्रजी अक्षरं बघा: पीयूपीयूएन असेल तर पुणे, एमएचबीएएन म्हणजे वांद्रे, टीएचटीएचए म्हणजे ठाणे, एनजीएनएजी म्हणजे नागपूर. साताऱ्याला राहणाऱ्या माणसाची जुनी नोकरी ठाण्यातली असेल, तर तिथल्या नोंदीची दुरुस्ती ठाण्याच्या अखत्यारीत येते.

कंपनी चालू असेल तर सुरुवात तिथल्या टाइम ऑफिसपासून किंवा एचआरपासून. नाव-तारीख दुरुस्तीची मंजुरी त्यांच्याच लॉगिनमधून जायची असते, तिथे दुसरा कुणी काही करू शकत नाही. कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी, नोटरी अशा अधिकृत व्यक्तीच्या साक्षांकनाने अर्ज थेट फंड ऑफिसला देता येतो. मालकाची सही आणून देतो म्हणून पैसे घेणारे लोक याच बाबतीत गरीब माणसाला लुबाडतात.

फंड ऑफिसच्या जनसंपर्क खिडकीवर चौकशी फुकट असते. त्याहून उपयोगी म्हणजे ‘निधी आपके निकट’. दर महिन्याच्या २७ तारखेला, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, प्रत्येक जिल्ह्यात फंडाचे अधिकारी शिबिर घेतात. ज्या जिल्ह्यात फंडाचं ऑफिस नाही, तिथल्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. सकाळी लवकर जा, लिहिलेला कागद दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘बघतो’वर उठू नका. फोनवर विचारायचं तर १४४७० हा फंडाचा निःशुल्क क्रमांक आहे.

कामगार संघटना आणि पेन्शनर संघटना यांच्याकडे असतो तो अनुभव. पिंपरी-चिंचवड, अंबड, वाळूज, इचलकरंजी, जिथे कारखाने आहेत तिथे निवृत्त कामगारांचा एखादा गट आठवड्यातून एकदा बसतोच. तुमच्याच कंपनीतला आधी निवृत्त झालेला माणूस तिथे भेटला तर सोन्याहून पिवळं. त्याने त्याच कंपनीच्या नोंदींशी आधीच झुंज दिलेली असते. सदस्यत्वाची वर्गणी मागतील, ती देण्यासारखी असते. पावती मात्र घ्या.

महा ई-सेवा केंद्र किंवा सीएससी हे फॉर्म भरून देणारे लोक आहेत. टंकन आणि अपलोड चांगलं करतात, सल्ला मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ‘काका, एवढी पेन्शन काय करायचीय, सगळं काढून घ्या’ असं सांगून १०-सी भरून देणारे मी पाहिलेत.

वकील किंवा पीएफ सल्लागार कधी लागतो? कंपनीने कापलेले पैसे भरलेच नसतील तर. अर्ज लेखी कारण देऊन फेटाळला गेला असेल आणि ते कारण तुम्हाला पटत नसेल तर. वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर अपील करायचं असेल तर. नुसत्या नावदुरुस्तीसाठी वकील लावणं म्हणजे पैशाची नासाडी. आणि लावण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यांचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. कारखान्यातला कामगार या यादीत आहे हे कामगारांनाच ठाऊक नसतं.

फीबद्दल स्पष्ट बोला. मिळणाऱ्या थकबाकीत टक्का मागणारा वकील बार कौन्सिलच्या नियमांच्या विरुद्ध वागतोय, कारण निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना मनाई आहे. एजंट वकील नसतो म्हणून हा नियम त्याला बांधत नाही, आणि म्हणूनच त्याच्यापासून जास्त सावध राहायचं. कामाचा तपशील लिहून घ्या, रोख दिली तरी पावती घ्या, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. ओटीपी आणि यूएएनचा पासवर्ड तर सख्ख्या भाच्यालाही सांगू नका. त्याला शेजारी बसवा आणि आकडे स्वतः टाका. एजंटने यूएएनला स्वतःचा मोबाइल जोडून ठेवलाय, असं कळल्यावर डोक्याला हात लावून बसलेली माणसं येतात. तो बदलून घेणं हे त्यांचं पहिलं काम होऊन बसतं.

‘वाढीव पेन्शनचा (मर्यादेऐवजी पूर्ण पगारावरच्या) फॉर्म भरून देतो’ असं आजही कुणी सांगत असेल तर सरळ नमस्कार करा. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालानंतर कामगारांसाठी अर्जाची जी खिडकी उघडली होती, ती ११ जुलै २०२३ला बंद झाली.

परदेशात काही वर्षं काढून परत आलेल्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. जर्मनी, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. अमेरिकेशी नाही. करार असलेल्या देशातल्या सेवेचा प्रश्न फंड ऑफिसच्या मार्फतच मार्गी लावायचा असतो.

अपंगत्व आलं असेल तर

इथे घाईने केलेली एक सही सगळं घालवते, म्हणून सावकाश वाचा.

ईपीएस-९५मध्ये कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलेल्या सदस्याला पेन्शन आहे आणि त्यासाठी दहा वर्षांची अट नाही. एका महिन्याचा भरणा झालेला असला तरी पुरे. अपंगत्व कामावर आलं की घरी, पक्षाघाताने की रस्त्यावरच्या अपघाताने, यानेही फरक पडत नाही. अट एवढीच की ते नोकरीत असताना आलेलं असावं आणि त्यामुळे तो माणूस जी कामं करू शकत होता त्यातलं कोणतंच करण्याजोगा उरलेला नसावा. हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. आता होतं असं की माणूस अर्धांगवायूने पडतो, कंपनीतला कुणी घरी येऊन राजीनाम्यावर अंगठा घेऊन जातो, आणि कागदोपत्री ‘नोकरीत असताना’ हा मुद्दाच वादात सापडतो. म्हणून अंथरुणावरच्या माणसाच्या घरच्यांना सांगणं आहे: जाणकाराला दाखवल्याशिवाय राजीनामा देऊ नका आणि १०-सी भरून पैसे काढू नका. दवाखान्यात भरती झाल्याची तारीख, डिस्चार्ज कार्ड आणि त्या महिन्याची पगारपावती एका फायलीत लावा. जाणकाराकडे सगळ्यात आधी धावायचं प्रकरण असेल तर ते हे.

ईएसआयचं गणित निराळं. कामावर, किंवा कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताने काम बंद पडलं, तर सरासरी रोजाच्या ९० टक्के दराने तात्पुरता लाभ मिळतो. कायमचं नुकसान झालं तर कमाईची क्षमता किती घटली ते त्यांचं मंडळ ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर रक्कम मिळते. कंपनीने अपघाताचा अहवाल ईएसआयसीकडे पाठवलाय याची खात्री करा आणि त्याची प्रत मागून घ्या. ‘साहेब खर्च करतायत, अहवाल कशाला’ यावर विसंबू नका. खर्च दवाखान्यापुरता होतो. अहवाल नसेल तर पुढचं सगळं सिद्ध करत बसावं लागतं. मंडळाचा टक्का कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कामगार विमा न्यायालय आहे, आणि तिथे वकील लागतोच. ईएसआय लागू नसलेल्यांसाठी १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. अशा भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो.

तिसरं दार तहसीलचं. त्यासाठी आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांना ४० टक्क्यांची अट आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांच्या कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, इतरांसाठी २१,०००. रक्कम महिना १,५०० होती, ती दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५पासून २,५०० झाली. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूमार्फत. उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा आणि आधार जोडलेलं बँक खातं एवढं आधी जमवा. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजना लागते.

तीन दारांची तीन मंडळं तीन वेगळे प्रश्न विचारतात. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये दोन बोटं गेलेल्या कामगाराचं उदाहरण घ्या. ईएसआयकडून त्याला कायमचा लाभ मिळेल, कारण कमाईची क्षमता घटली. ईपीएसची अपंगत्व पेन्शन मिळणार नाही, कारण तो दुसरं काम करू शकतो. यूडीआयडीवर टक्का ४०च्या खालीही येऊ शकतो, म्हणजे तहसीलचं दार बंद. एका ठिकाणचा टक्का दुसरीकडे दाखवून भांडणारे लोक उगाच हेलपाटे घालतात.

सरकारी किंवा सरकारी महामंडळातल्या नोकरांसाठी, एसटीचे चालकही त्यात आले, दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून घ्या. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करून. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्याआधी हे कलम छापून साहेबांसमोर ठेवा.

अडलं तर पायरी-पायरीने

सगळे कागद पूर्ण असलेला क्लेम २० दिवसांत निकाली निघायला हवा. नाही निघाला तर फंडाच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, तक्रार टाका. तक्रार छोटी ठेवा, क्लेम आयडी आणि तारीख लिहा, संताप लिहू नका. ‘तक्रार निकाली’ असा शेरा मारून काहीच केलं नसेल तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जा. त्याच बरोबर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. ‘पेन्शन का दिली नाही’ असा प्रश्न विचारू नका, त्याला ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच उत्तर येतं. ‘माझ्या अमुक क्लेमच्या फायलीवरील सर्व टिपण्यांच्या प्रती द्याव्यात’ असं लिहा. फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस पडली होती ते टिपण्यांतच असतं.

त्यापुढे ग्राहक आयोग. फंडाचा सदस्य हा ग्राहक ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. तिथे स्वतः उभं राहता येतं, तरी या टप्प्यावर वकील बरोबर असलेला बरा.

पेन्शन सुरू झाल्यावर

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हातात आला की त्यावरचा नंबर घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. ईपीएस पेन्शनधारकांसाठी नोव्हेंबरचीच सक्ती नाही. कधीही द्या, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल, काढता येतं. बोटांचे ठसे झिजलेल्या कामगारांची त्यामुळे मोठी सोय झाली. तेही जमत नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन करून देतो.

आणि पीपीओवर जोडीदाराचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग त्याच दिवशी तपासा. पेन्शनधारकाच्या मागे पत्नीला साधारण निम्मी पेन्शन मिळते, दोन मुलांना पंचविशीपर्यंत त्याच्या पाव-पाव. पत्नीच्या नावात चूक असेल तर पेन्शनधारकाने हयातीतच दुरुस्तीचा अर्ज देऊन पोच घ्यावी. राहून गेलं, तर तीच दुरुस्ती तिला मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा आणि गॅझेट गोळा करत एकटीने करावी लागते, आणि ती होईपर्यंत पेन्शन बंद असते.